खोली पसंत आहे

उज्जैनमध्ये महाकालाच्या मर्जीशिवाय पान हलत नाही, असं म्हणतात. असेल. पण फ्रीगंजापासून नानाखेड्यापर्यंत परगावच्या विद्यार्थ्याला राहायला बरी खोली हवी असेल, तर ती माझ्या काकूच्या आत्याच्या मर्जीशिवाय मिळत नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. काकूची आत्या म्हणजे नात्याचा धागा तसा बारीकच. पण माळव्यातल्या मराठी माणसांना धागा सापडला की पुरे, तो धरून ती थेट स्वयंपाकघरापर्यंत येतात. मीही त्यांना आत्याच म्हणते. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. लग्न त्यांनी केलं नाही. निवृत्तीनंतरचा जो वेळ इतर बायका जपाला, भिशीला आणि सुनेच्या उखाळ्यापाखाळ्यांना देतात, तो सगळा आत्यांनी दुसऱ्यांच्या पोरापोरींना खोल्या शोधून देण्यात घालवला. यात त्यांना दमडी मिळत नाही. उलट स्कूटरचं पेट्रोल जळतं आणि अर्ध्या शहरातल्या घरमालकांशी वैर होतं ते वेगळंच.

आत्या खोली शोधत नाहीत, त्या स्थळ बघतात. 'अगं, मुलीसाठी खोली बघणं म्हणजे सासर बघणंच आहे. सासरी निदान नवरा तरी ओळखीचा होतो, इथं कोण आहे तिचं?' असा त्यांचा सवाल असतो आणि त्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. त्यामुळे पद्धतही तीच. आधी फोन. जन्मभर एक्सचेंजमध्ये काढल्यामुळे फोनवर लांबण लावणारा माणूस त्यांना सहन होत नाही. समोरच्याचा 'हॅलो' संपायच्या आत त्या निरोप सांगतात आणि ठेवून देतात. मग इस्त्रीचे कपडे घालून प्रत्यक्ष भेट. गेल्या गेल्या प्यायला पाणी मागायचं, म्हणजे नळ आहे की बोअरिंग ते कळतं. पोहे आले तर ते नीट निरखायचे. 'ज्या घरी पोह्यांवर शेव चिमटीनं पडते ना, त्या घरी पंखापण चिमटीनंच फिरतो.' मग खोलीतल्या पलंगावर, पलंग नसला तर सरळ फरशीवर, डोळे मिटून आडवं व्हायचं. कारण मकान डोळ्यांना दिसत नाही, पाठीला कळतं. आणि सगळ्यांत पक्का नियम असा की पहिल्या बैठकीत भाड्याची गोष्ट काढायची नाही. आधी मुलगी त्यांच्या मनात भरली पाहिजे. पैशाचं नाव काढलं की माणसाचं तोंड बदलतं, असं आत्या म्हणतात.

मी त्यांच्या हाती लागले तेव्हा माझी अवस्था बिकट होती. मुलताईहून आलेल्या मला इथल्या विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता, होस्टेलच्या जागा भरून गेल्या होत्या, आणि बाबा शाळेतून रविवारपर्यंतची रजा टाकून सोबत आले होते. निघतानाच त्यांनी बजावलं होतं, 'परवडेल अशी बरी खोली मिळाली तर तुला ठेवतो. नाही मिळाली तर रविवारच्या गाडीनं परत. मग घरी बसून बाहेरून काय परीक्षा द्यायच्या त्या दे.' रसायनशास्त्र घरी बसून बाहेरून होत नाही, आईच्या स्वयंपाकघरात तर मुळीच नाही. पण बाबांपुढे हे बोलण्याची सोय नव्हती. वेळेच्या बाबतीत ते घड्याळाला शिकवणारे गृहस्थ. रविवार म्हणजे रविवार.

आणि शहरात खोल्या होत्या कुठं! महाकालाच्या दर्शनाला अशी गर्दी लोटली आहे की ज्याच्याकडे चार भिंती आणि एक मोरी आहे, त्यानं दारावर 'होम स्टे'ची पाटी ठोकली आहे. एकानं स्कूटर ठेवायच्या जागेत पलंग टाकून तिला 'डीलक्स' नाव दिलं होतं; पलंगाखालचा ऑइलचा डाग तसाच होता. राम घाटाकडच्या एका घरमालकानं आत्यांना प्रेमानं समजावलं, "अम्माजी, यात्री एक रात का जितना देता है, स्टूडेंट उतना महीने भर रुला-रुला के देता है." आत्या म्हणाल्या, "भैया, यात्री अपना पुण्य साथ ले जाता है. ये बच्ची दो साल पढ़ेगी, उसका आधा पुण्य तो तुम्हारे घर में ही जमा होगा." त्यानं हात जोडले आणि अदबीनं दार लावून घेतलं. टावर चौकाजवळची एक खोली खरोखर छान होती, पण भाडं ऐकून बाबांनी चष्मा काढून पुसला, जणू चूक काचेची होती. नानाखेड्याच्या खोलीत आत्या नेहमीप्रमाणे आडव्या झाल्या आणि त्यांना अशी गाढ झोप लागली की घरमालक, त्याची बायको, बाबा आणि मी दारात ताटकळत उभे. उठल्यावर म्हणाल्या, "हवा छान आहे. पण ढेकूण आहेत," आणि पदर झटकून चालू लागल्या. परवडणारी अशी एकच निघाली, ती जिन्याखाली. बाबा तिला हो म्हणाले. आत्या म्हणाल्या, "नापसंत. दोन वर्षांत पोरगी कुबडी होईल, मग तुम्हीच माझ्या नावानं बोटं मोडाल." त्या संध्याकाळी बाबा पहिल्यांदा चिडले. "मावशी, तुम्ही जावई शोधून नाही राहिल्या," असं ते बोलून गेले. आत्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी मात्र रात्री बॅग भरून ठेवली.

रविवारी सकाळी एकच घर उरलं होतं. देवास रोडच्या मागच्या कॉलनीतलं, निवृत्त बँक अधिकाऱ्याचं. वरची खोली रिकामी आहे, एवढं आत्यांना भाजीवालीकडून कळलेलं. त्यांनी तिथं फोन लावला. "नमस्कार. मुलगी घेऊन येतेय. मुलताईची आहे, शिकलेली आहे, वडील सोबत आहेत," एवढं सांगून ठेवून दिला. आम्ही पोचलो तेव्हा दारात रांगोळी होती. घरमालकीण काकू रेशमी साडीत होत्या. पोहे आले, त्यांवर शेव अशी की पोहे शोधावे लागत होते, सोबत जिलबी. आत्यांनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. "खरं तर आम्हीच यायला हवं होतं, पण तुम्ही मुलीला घेऊन आलात, बरं वाटलं," असं काका म्हणाले. कोपऱ्यात त्यांचा मुलगा बसला होता, इंदूरला रोज नोकरीला जाऊन येणारा. रविवारी सकाळी सकाळी त्याला कुणीतरी बळेच नवा शर्ट घातलेला दिसत होता. मला वाटलं, उज्जैनचे लोक भाडेकरूचं किती करतात!

"स्वयंपाक येतो ना बेटा?" काकूंनी विचारलं.

"येतो ना. सकाळी स्वतःपुरता करून घेईन," मी म्हटलं.

"स्वतःपुरता?"

"तिचं वेगळंच राहील हो," आत्या घाईनं म्हणाल्या, "तुम्हाला काही त्रास नाही. छोटी शेगडी ती सोबत आणेल."

काकूंचा चेहरा उतरला. "म्हणजे सुरुवातीपासूनच वेगळं?"

"आजकाल असंच असतं, जाऊ दे," काकांनी त्यांना हळूच सांगितलं. मग काकू आत गेल्या आणि कुंकवाची कोयरी, नारळ, खण असं ताट घेऊन आल्या. माझ्या कपाळाला कुंकू लागलं. आता आपणही काही बोलावं म्हणून बाबांनी घसा साफ केला आणि वर्गात सूचना द्याव्यात तसं सांगितलं, "मुलगी साधी आहे. मैत्रिणींचा गोंगाट करणार नाही. मी महिन्यातून एकदा येऊन बघून जाईन. आणि आम्हाला दोनच वर्षांचं पाहिजे. परीक्षा झाली की मी तिला घेऊन जाईन."

काकूंचा नारळ धरलेला हात तिथंच थांबला. काका बाबांकडे बघू लागले. कोपऱ्यातला मुलगा मात्र असा खो खो हसत सुटला की त्याला ठसका लागला. बाबांच्या लक्षात आलं, माझ्या आलं, आणि मला ती फरशी दुभंगली तर बरं असं झालं. आत्यांच्याही लक्षात आलं असणार, पण टेलिफोन खात्यात चुकीचा नंबर लागला म्हणून कुणी रडत बसत नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "मुलगी तुमच्याच घरात राहील की. फक्त भाड्यानं."

बाबा उठले, दोन्ही हात जोडून माफी मागू लागले, गाडीची वेळ झाली म्हणाले. मी पायात चप्पल घातली. वरची खोली काकूंनी सुनेसाठी रंगवून ठेवली होती, हे मला मागून कळलं. त्यांनी डोळे टिपले आणि मला हाताला धरून परत आत ओढलं. "कुंकू लावलेली मुलगी मी रिकामी नाही पाठवत. घे नारळ. सून येईल तेव्हा येईल, तोवर ही राहू दे," त्या म्हणाल्या. आत्या तोवर वरच्या खोलीत जाऊन आडव्या झाल्या होत्या. तिथूनच आवाज आला, "पसंत आहे!" भाडंही परवडण्यासारखं निघालं. रविवारच्या गाडीनं बाबा एकटे गेले.

दोन वर्षं मी त्या खोलीत राहिले. आत्या हे सगळं कशासाठी करतात, असं मी कितीदा तरी विचारलं, आणि दर वेळी त्यांनी फोन ठेवावा तसा विषय ठेवून दिला. निकाल लागला त्या दिवशी त्या आल्या होत्या. माझी गुणपत्रिका पुन्हा पुन्हा उलटसुलट करून बघितली, आणि कुणी विचारलं नसताना म्हणाल्या, "मलापण अॅडमिशन मिळाली होती ग. याच गावात, बी.एस्सी.ला. वडील घेऊन आले होते. चार दिवस फिरलो आम्ही."

"मग?"

"खोली नाही मिळाली."

एवढंच. नोकरीनं पुढं त्यांना याच गावात आणलं, पण तोवर शिकायचं वय निघून गेलं होतं. मला रडू आवरेना. त्या उलट माझ्यावरच ओरडल्या, "रडते काय? खाली काकूंना पेढे नेऊन दे, त्या कधीच्या वाट बघून राहिल्या आहेत."

आता मी भोपाळला एका लॅबमध्ये आहे. प्रवेशांचे दिवस आले की आत्यांचा फोन येतो. या वर्षी आला तो असा: "एक मुलगी आहे. बुऱ्हाणपूरची. वडील उद्या परत नेतील." ठेवला. मी रजा घेतली आणि निघाले. स्कूटर आता मी चालवते. आत्या मागं बसून रस्ता सांगतात आणि माझ्या चालवण्याला नावं ठेवतात. त्यांचे गुडघे गेले आहेत. खोली तिसऱ्या मजल्यावर होती, म्हणून त्यांना खाली खुर्चीवर बसवून मी त्या मुलीला आणि तिच्या वडिलांना घेऊन वर गेले. खोली बरी होती. भाडं काही मी विचारलं नाही. ती मुलगी खोलीकडे बघतच नव्हती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत वडिलांच्या तोंडाकडे बघत होती, आणि वडील मोबाइलवर वेळ बघत होते.

"ताई, तुम्ही बघितली ना? मग हो किंवा नाही सांगा. आमची गाडी आहे."

जिन्यातून कठड्याला धरून कुणीतरी चढत असल्याचा आवाज येत होता. दोन पायऱ्या, मग दम खाणं, मग पुन्हा दोन पायऱ्या.

"थांबा काका," मी म्हटलं. "त्या येताहेत."