गुरुवारचा डबा

डबेमावशीचं खरं नाव चर्चच्या दप्तरात असेल तर असेल. बाकी कुणाला ते ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून तिचं काही अडतही नव्हतं. दिवसभर लाँड्रीत उभं राहून लोकांच्या चादरी इस्त्री करायच्या आणि संध्याकाळी चर्चचे डबे फिरवायचे, यातच तिचं आयुष्य गेलं. डबे म्हणजे काय, तर मंडळीतल्या कुणाच्या घरी आजारपण, बाळंतपण, मयत असं काही झालं की त्या घराला स्वयंपाकाची सुट्टी. बाकीच्यांनी वार वाटून घेऊन तिथे जेवण पोहोचवायचं. सोमवार खजिनदारीणबाईंचा, मंगळवार शिवणवालीचा, असा सगळा आठवडा मावशीच्या डोक्यात असायचा.

नियम एकच, आणि तो तिनेच घातलेला. "कारण विचारायचं नाही. माणसाला भूक लागते ना? मग डबा जाणार!" तुरुंगातून सुटून आलेल्याकडे डबा गेला होता. पिऊन स्वतःच्याच कुंपणावरून पडलेल्याकडेही गेला. त्या बाबाने शुद्धीवर येऊन भाजीला नावं ठेवली, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. मावशीला या गोष्टीचा केवढा तोरा होता म्हणून सांगू! फादर उपदेश करतात आणि आपण डबा पोहोचवतो, असं ती धाकट्या जावेला ऐकवायची, आणि जाऊ म्हणायची, "हो गं बाई, स्वर्गात तुझ्यासाठी वेगळी खुर्ची मांडलीय."

गुरुवार बेकरीवाल्याचा. गोरा, गोल, बडबड्या माणूस. मावशीची आणि त्याची मिठावरून कायम जुंपलेली. "मावशी, तुम्ही मीठ चमच्याने घालता की फावड्याने?" असं तो भर चर्चच्या स्वयंपाकघरात विचारायचा आणि मावशी त्याच्या पाठीत ओलं फडकं हाणायची. त्याच्या घरी चष्म्याच्या दुकानात काम करणारा एक अबोल माणूस राहायचा. चर्चमध्ये त्यांना आतेभाऊ म्हणायची पद्धत होती. हो, पद्धतच! माहीत सगळ्यांना होतं. दोघं तिसऱ्या बाकावर शेजारी बसायचे, एका पुस्तकातून गायचे, आणि त्यांच्या केकवर ताव मारताना कुणाला आत्या आठवत नव्हती.

तर एका शुक्रवारी संध्याकाळी ते दोघं सिनेमा बघून बस स्टॉपवर उभे होते. बेकरीवाल्याने चष्मेवाल्याचा हात हातात धरला होता. तेवढंच. तिघा पोरांनी ते पाहिलं, नको नको ते बोलले आणि मग मारायला लागले. बेकरीवाल्याचा जबडा मोडला, बरगड्या मोडल्या. चष्मेवाल्याचा चष्मा त्याच्या तोंडावरच फुटला. शनिवारी पेपरात सगळं छापून आलं, का मारलं त्यासकट. पकडलेल्यांपैकी एकाने पोलिसांना सांगितलं होतं की, असल्यांना देवाच्या घरीही जागा नाही, आमच्या चर्चमध्येच शिकवलंय. कुठलं चर्च ते छापलं नव्हतं. पण वाचताना आपल्या मंडळीतल्या प्रत्येकाने मान खाली घातली, कारण आपल्याकडेही काही वेगळं शिकवलेलं नव्हतं.

शनिवारी सकाळी चर्चच्या स्वयंपाकघरात बायका जमल्या. शिवणवालीने विचारलं, "मावशी, डबा सुरू करायचा ना?"

सगळ्या मावशीकडे बघायला लागल्या. आणि आजवर कारण न विचारणारी ही बाई काय म्हणाली असेल? "फादर काय म्हणतात ते बघू आधी."

अहो, फादरना कधी विचारलं होतं का तिने? तुरुंगवाल्याच्या वेळी विचारलं होतं? पण पेपरात आलं होतं ना सगळं! लोक काय म्हणतील, लाँड्रीचा मालक काय म्हणेल, असलं काहीबाही डोक्यात आलं आणि तोंडातून ते वाक्य निघून गेलं. बायकांनी सुटकेचा श्वास सोडला. तो श्वास मावशीला ऐकू आला. ती मुकाट्याने फरशी पुसायला लागली, साबणाच्या पाण्यावरून घसरली आणि उजव्या मनगटावर पडली. हाताला प्लास्टर.

रविवारी फादरनी प्रार्थना केली, "या आठवड्यात अपघातात जखमी झालेल्या आपल्या तिघा बंधुभगिनींसाठी." तिघा! म्हणजे दोघं ते आणि तिसरी ही, ओल्या फरशीवर आपटलेली. सगळे एका माळेत. लोक "आमेन" म्हणाले आणि मावशीही म्हणाली. म्हणताना तिचे कान तापले, पण म्हणाली.

आणि त्याच दुपारपासून तिच्या घरी डबे सुरू झाले! खजिनदारीणबाईंचा आला, शिवणवालीचा आला, ज्यांचा वार नव्हता त्यांचाही आला. मावशीने जेवणाला हात लावावा आणि घास पुन्हा ताटात ठेवावा. जाऊ म्हणाली, "हात मोडलाय की तोंड? खा ना." मावशी म्हणाली, "त्यांच्याकडे कोणी नेत असेल का गं?" जावेने ताटावर झाकण ठेवलं. तुझ्या सांगण्याशिवाय कोण नेणार, हे तिने बोलून दाखवायची गरज नव्हती. फोन उशाशी होता. डावा हात धडधाकट होता. मावशीने फोन केला नाही. उद्या करू म्हणाली, आणि असे उद्या जात राहिले.

गुरुवारी दुपारी दार वाजलं. जावेने उघडलं तर दारात चष्मेवाला. एक डोळा काळानिळा, नाकावर नव्या चष्म्याची करकरीत फ्रेम, आणि हातात डबा.

"मावशी, आज गुरुवार," तो म्हणाला.

मावशी उठून उभी राहिली, मग पुन्हा बसली. "अरे, पण तुम्ही... तुम्ही कशाला?"

"काल घरी आणलं त्याला. आल्या आल्या म्हणाला, उद्या आपला वार. पलंगावरून सांगत होता, मी करत होतो. तारा बांधल्यात जबड्याला, दातांतून बोलतो, पण बोलायचं काही थांबत नाही." तो जरासा हसला आणि डबा टेबलावर ठेवला. "सगळं बारीक चिरायला लावलं त्याने मला. म्हणाला, मावशींना डाव्या हाताने खायचंय, चमच्यात यायला हवं."

तो निघून गेला. मावशीने डबा उघडला. बटाटे, गाजरं, चिकन, सगळं नखाएवढं चिरलेलं. चष्म्याच्या दुकानातल्या माणसाने सुजलेल्या डोळ्याने चिरलेलं. मावशीने डाव्या हाताने तोंड झाकलं आणि ती हमसाहमशी रडली. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. जावेने पाठीवर हात ठेवला तर म्हणाली, "नको. मला गोंजारू नकोस."

मग तिने सूप करायला घेतलं. जाऊ भांडं धरायची आणि मावशी डाव्या हाताने चिरायची, सांडायची, स्वतःलाच शिव्या द्यायची. संध्याकाळी दोघी डबा घेऊन त्यांच्या जिन्यावर.

आत गेली तर काय! टेबलावर सूप, खिडकीत सूप, फ्रीज उघडला तर त्यातही सूपच. खालच्या गॅरेजवाल्याने आणलेलं, ब्यूटी पार्लरवालीने आणलेलं, समोरच्या म्हाताऱ्या शेजाऱ्याने आणलेलं. त्यांच्यातलं एकही माणूस कधी चर्चची पायरी चढलेलं नव्हतं. डबा ठेवायला जागा सापडेना म्हणून चष्मेवाल्याने तो खुर्चीवर ठेवला.

बेकरीवाला उशांना टेकून बसला होता. एवढा गोल माणूस, पण चेहरा ओळखू येईना. चष्मेवाल्याने मावशीचं सूप कपात ओतून त्याला नळी लावून दिली. त्याने एक घोट घेतला आणि दातांतून म्हणाला, "फावडंच."

मावशी हसली आणि हसता हसता फुटली. "माझं चुकलं रे. मी फादरचं निमित्त केलं. तोंड दाखवायला जागा नाही मला. लाज वाटते रे."

आता खरं सांगायचं तर, 'जाऊ द्या मावशी,' असं तो म्हणेल म्हणून ती आली होती. सवयच ना आपल्याला! माफी मागायची आणि समोरच्याने लगेच पाठ थोपटायची. त्याने नळीतून आणखी एक घोट घेतला.

"वाटू दे," तो म्हणाला.

जावेने खाली बघितलं. चष्मेवाला भांडी विसळायला गेला.

"मी ऐकलं रविवारचं," बेकरीवाला म्हणाला. "अपघात म्हणाले ना? तुम्हीही आमेन म्हणालात?"

"म्हणाले."

"तो अपघात नव्हता, मावशी."

त्याने कप बाजूला ठेवला आणि डोळे मिटले. दमला होता.

रविवारी चर्च भरलेलं होतं, तिसरं बाक सोडून. फादरनी पुन्हा तेच सुरू केलं, "अपघातात जखमी झालेल्या..." आणि मावशी उभी राहिली. जावेने तिचा पदर ओढला नाही, उलट तीही शेजारी उभी राहिली.

"फादर, अपघात माझा झाला," मावशी म्हणाली. आवाज चिरका निघाला. "मी फरशीवरून घसरले. त्यांना मारलं. ते दोघं एकमेकांचे आहेत म्हणून मारलं. आणि आपण सगळ्यांनी मिळून मला जेवू घातलं. त्यांच्याकडे चमचाभर कुणी नेलं नाही. मीच नेऊ दिलं नाही."

कुणी आमेन म्हणालं नाही. फादरनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुढची प्रार्थना वाचायला घेतली, पण त्यांचं पान सापडेना. मावशी उभीच राहिली. सगळे तिच्याकडे बघत होते आणि तिला वाटत होतं की जमीन दुभंगावी, पण ती बसली नाही.

बाहेर पायऱ्यांवर बरेचजण तिला टाळून गेले. खजिनदारीणबाई मात्र रेंगाळली, डोळे टिपत जवळ आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, उद्या सोमवार, माझा वार. त्यांच्याकडे डबा पाठवते मी."

"डबा नको," मावशी म्हणाली. "त्यांचा फ्रीज भरलाय, बाई. लोकांनी भरला. तू नुसती जा."

"रिकाम्या हाताने? काय तोंड घेऊन जाऊ?"

"हेच घेऊन जा," मावशी म्हणाली.