बोलणारं लाकूड

आमच्या गोरेगावचा सुतार कुणाच्याही घरी गेला की दार वाजवतो आणि दारालाच कान लावतो. आतून कुणी 'या' म्हटलं तरी त्याचं लक्ष नसतं. "मुकं हाये," म्हणतो, मग आत येतो. एसटी स्टँडच्या बाकावरसुद्धा तो आधी टकटक करतो, मगच बसतो.

बाबांच्या माघारी त्यांची जुनी गिटार वाळवीनं पोखरली, तेव्हा तशीच दुसरी करायला मी ती त्याच्याकडे दिली. बाबांच्या हातानं झिजलेली कडसुद्धा त्यानं हुबेहूब उतरवली. फक्त पुढच्या फळीला लाकूड मिळेना. आरागिरणीतलं सगळं सागवान त्याच्या मते मुकं होतं.

एके दुपारी त्यानं आमच्या स्वयंपाकघराचं दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. "हे बोलून राह्यलं न!" आई पाहत राहिली आणि तो दार बिजागऱ्यांसकट घेऊन गेला. तिथे आता पडदा आहे.

गिटार घेऊन तो आला, तेव्हा मी तारा छेडल्या. पडद्याआडून आई म्हणाली, "पाह्य रे, दार वाजून राह्यलं. कोन आलं त?"

मला हसू आलं. त्याला नाही.

"काऊन हासता? दारच त वाजलं."