स्वप्नात बजावलेली नोटीस

सरकारने अलीकडे कोतवालांना ‘महसूल सेवक’ केलं, पण आमच्या वाडीत आप्पा ते कोतवालआप्पाच. संगमेश्वर तालुक्यातलं आमचं गाव. निम्म्या घरांना कुलूप, माणसं मुंबईत. अशा घराच्या दाराला नोटीस चिकटवायची, ‘घर बंद’ असा अहवाल लिहायचा आणि निघायचं. आप्पा निघत नसत. पडवीत बसून नोटीस मोठ्याने वाचून दाखवत. आत कुणीतरी ऐकतंय, असं त्यांना वाटायचं. आम्ही त्यांची यथेच्छ टिंगल करायचो.

मालनवहिनींचा नवरा गेल्यावर कलमाच्या बागेच्या सातबाऱ्यावर त्यांचं नाव लागलं होतं. ते कमी करावं म्हणून दिराने अर्ज दिला. हरकतीला मुदत पंधरा दिवस. वहिनींच्या बंद घराच्या पडवीत बसून आप्पांनी नोटीस वाचायला घेतली. कातळावरून गरम वारा येत होता. वाचता वाचता त्यांचा डोळा लागला. वहिनी उंबऱ्यात आल्या, ऐकून घेतलं, पाण्याचा तांब्या पुढे केला. जाग आली तेव्हा तांब्या नव्हता, पण तहान भागलेली होती. त्या गुंगीतच त्यांनी लिहिलं, ‘समक्ष वाचून दाखवली.’

वहिनी मुंबईत. हरकत येणार कुठून? नाव गेलं.

वहिनींनी प्रांतांकडे अपील केलं आणि अहवालाखाली सही आप्पांची, म्हणून त्यांनाही बोलावणं आलं. मीच स्कूटरवरून त्यांना नेलं. दारातच तलाठी म्हणाले, “लिहिलंय तेच सांगा, आप्पा. कागद खोटा ठरला तर नोकरी जाईल.” नोकरीचं एकच वर्ष उरलं होतं.

प्रांतसाहेबांनी विचारलं, “या बाई तेव्हा घरी होत्या?”

आप्पांनी वहिनींकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, “नाय, सायब. घर बंद व्हतं. माजा डोळा लागला, वयनी सपनात इल्या. चूक माजीच.”

सगळे हसले. मला मात्र त्या हसणाऱ्यांचा संताप आला, आणि आप्पांचा अभिमान वाटला.

फेरफार रद्द झाला. बागेवर वहिनींचं नाव पुन्हा लागलं. महिन्याभराने आप्पांच्या नावे ‘कारणे दाखवा’ नोटीस निघाली. गावात नोटीस बजावणारा माणूस एकच, म्हणून ती त्यांच्याच पिशवीत आली. आप्पांनी स्वतःच्या दारात उभं राहून देणाऱ्याची सही केली, घेणाऱ्याची सही केली आणि कचेरी बंद व्हायच्या आत पोच नेऊन दिली.