देवीपुढे ठेवलेला चेंडू

माझी लेक फुटबॉल खेळते हे मला माहीत होतं. किती खेळते हे त्या दिवशी म्हापशाजवळच्या मैदानावर कळलं.

आमच्याकडे भात कापून झालं की मळा मोकळा होतो. तिथं ती अनवाणी, कापलेल्या भाताच्या टोचऱ्या बुडख्यांवरून चेंडू पळवायची आणि मी पडवीतून ओरडायची, पाय सोलून घेशील म्हणून. शेवटी तिच्या बापानं क्लबच्या चाचणीत तिचं नाव घातलं. तो काजूच्या कामात, म्हणून तिला घेऊन मी गेले. गोव्यातल्या त्या मैदानावर खरंखुरं गवत होतं. बुटातले तिचे पाय आधी जरा अडखळले. मग लांबून एक चेंडू उंच आला, तिनं तो पायावर घेतला आणि तो तिथंच थांबला. झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं, तसा. पुढं तीन मुली तिच्या अंगावर धावून आल्या आणि ती त्यांच्यामधून निघून गेली. मी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, ती कधी खाली पडली ते कळलंही नाही. अकरा वर्षं जिला मी वेण्या घातल्या, ती ही? अंगावर काटा आला. थोडी भीतीही वाटली, खोटं कशाला बोलू.

तिथल्या सरांनी कोकणीतून सांगितलं की मुलगी आम्हाला हवी आहे, दर शनिवारी आणि रविवारी आणा. आणायला काय जातंय! आमच्या गावातून कुडाळ, कुडाळहून पुढं दुसरी गाडी, म्हणजे सगळं धरून अडीच तास जायला आणि तेवढेच यायला. वर मला एस.टी. लागते. त्या दिवशीही बांद्याच्या अलीकडे मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं. लेकीनं माझं कपाळ धरून ठेवलं आणि नंतर लिंबू पुढं केलं.

घरी आठवडाभर तोच विषय. नवरा म्हणाला, कुडाळच्या मैदानावर पाठवू, अर्ध्या तासावर आहे. तिथं मुलींचा संघ नाही, हे त्याला सांगून मी थकले. मी शाळेत शिकवते, शनिवार-रविवारीच घरातलं सगळं उरकायचं असतं. हो म्हणवत नव्हतं आणि मैदान पाहून आल्यापासून नाहीही म्हणवत नव्हतं. सासूबाईंनी तोडगा काढला, देवीला कौल लावू. घर बांधायचं असो, सोयरीक असो, आमच्याकडे विचारल्याशिवाय पान हलत नाही. एरवी मी या गोष्टींना नाक मुरडते. या वेळी मुकाट्यानं तयार झाले. देवीनं डावा कौल, म्हणजे नकार, दिला तर नाही म्हणणारी मी नसेन, असा माझा हिशेब होता.

देवळात आम्ही चौघं आणि सासूबाईंच्या दोन मैत्रिणी. लेकीनं चेंडू आणला होता. सासूबाईंनी तो तिच्या हातून घेऊन नारळाशेजारी ठेवला. गुरवांनी देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "माये, ह्या आपल्या चेडवाक चेंडू खेळूक गोंयात धाडूचा तर उजवो दी, नाय तर डावो दी." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मी नेहमीप्रमाणे नुसते ओठ हलवले.

पाकळ्या पडेनात. गुरवांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं. समईची वात मध्येच तडतडली, सासूबाईंनी हात जोडलेलेच ठेवले. एकही पाकळी जागची हलली नाही. गुरवांचं जेवण राहिलं होतं. ते कंटाळून म्हणाले, "जातला कोण? मगे तेनाच विचारूचा."

लेक पुढं झाली. घरात दहा हाका मारल्या तरी ओ न देणारी मुलगी देवीसमोर ताठ उभी राहिली आणि शेजारणीशी बोलावं तसं बोलली.

"माये, माका जावचा आसा. ता तुका ठावक आसा. पण आईक एष्टी लागता. ती सांगूची नाय. तिका जमतला काय, तेवढाच सांग."

मला वाटत होतं, हिचं सगळं लक्ष चेंडूकडे. आठवडाभर आम्ही मोठी माणसं तिच्या अंतराचा काथ्याकूट करत होतो आणि ती माझं अंतर मोजत होती. तिनं देवीकडे स्वतःसाठी काही मागितलंच नव्हतं. मैदानावर वाटलं होतं त्याहून मोठं काहीतरी त्या एवढ्याशा पाठीकडे बघताना वाटलं.

गाऱ्हाणं संपलं की कुणीतरी साथ द्यायची असते. सगळे देवीकडे बघत राहिले होते.

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले. इतक्या मोठ्यानं की सासूबाई दचकल्या.

उजवी पाकळी पडली म्हणतात. मी पाहिली नाही, मी लेकीकडे बघत होते.