न ऐकता दिलेले दहा

दर मे महिन्यात आमच्या घरात टीव्हीसमोर एक भांडण ठरलेलं असतं. युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा लागते, यूकेला शून्य नाहीतर शून्याच्या आसपास काहीतरी मिळतं आणि मी सोफ्यावरून ओरडते, "बघा, शेजारी शेजाऱ्याला मार्क देतोय! गाणं ऐकतंय कोण इथे?" नवरा म्हणतो, "अगं, आपलं गाणंच भिकार होतं." मी त्याला गप्प बसवते. एवढी वर्षं या देशात काढून माझी देशभक्ती त्या एका संध्याकाळी उफाळून येते आणि सगळी शेजाऱ्यांना नावं ठेवण्यात खर्ची पडते.

हे आधीच सांगून टाकते. पुढे मी जे केलं ते अजाणतेपणी केलं, असं म्हणायची सोय मला नको.

परदेशातल्या मराठी मंडळांनी मिळून तशीच एक स्पर्धा काढली. एका देशाचं एकच गाणं, मराठीतलं, आधी कुठे रेकॉर्ड न झालेलं. अंतिम फेरी डेन्मार्कला. यूकेतून कोण जाणार ते ठरवायला पाच गावांची मंडळं एकत्र आली: इल्फर्ड, कॉव्हेंट्री, आमचं मिल्टन कीन्स आणि आणखी दोन. नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं, म्हणजे मी ते ओढून घेतलं. ऑफिसात मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्यांनी केलेल्या कामातली भोकं शोधण्याचा मला पगार मिळतो, त्यामुळे माझे नियम चोख असणार याबद्दल कोणाला शंका नव्हती, मला तर नव्हतीच. गाणं तीन मिनिटांच्या आत हवं. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला गायकानं आपलं गाव, शब्द कोणाचे आणि चाल कोणाची हे स्वतःच्या तोंडानं सांगायचं, तो वेळ तीन मिनिटांत धरायचा नाही. प्रत्येक गावाचा एक परीक्षक. त्यानं स्वतःचं गाव सोडून उरलेल्या चार गावांना दहा, सात, चार आणि एक असे मार्क द्यायचे. मार्क शुक्रवारपर्यंत लेखी पाठवायचे, नंतर बदल नाही. डेन्मार्कवाल्यांना हे इतकं आवडलं की त्यांनी अंतिम फेरीलाही माझेच नियम घेतले. मी महिनाभर तो मेल लोकांना दाखवत होते.

आमच्या गावाची परीक्षक मी आणि आमच्या गावाची गायिका माझी मुलगी. यात काही गैर नव्हतं, कारण तिला मार्क मी देणारच नव्हते. एकोणीस वर्षांची आहे, इथेच जन्मली, मराठी लंगडी पण गळा खरा. ती डेन्मार्कला गेलीच पाहिजे असं मी ठरवलं होतं. तिनं नव्हतं ठरवलं, पण ते बाजूला ठेवू.

आता नियमातलं भोक. दहा मार्क कोणाला तरी द्यावेच लागतात. इल्फर्डचं गाणं स्टुडिओत केलेलं, बासरीवाला भाड्यानं आणलेला. ते पहिल्या तीस सेकंदांतच मला कळलं की धोक्याचं आहे. त्याला एक. मग दहा कोणाला? ज्याच्यापासून आपल्या मुलीला काही धोका नाही, ज्याला दुसरं कोणीही दहा देणार नाही, अशाला. मला विचार करावा लागला नाही. कॉव्हेंट्री.

कॉव्हेंट्रीतर्फे गाणारे गृहस्थ अडुसष्ट वर्षांचे, हॉस्पिटलच्या रक्तपेढीतून टेक्निशियन म्हणून रिटायर झालेले. दर एप्रिलला त्यांच्या लोकांच्या जयंतीच्या कार्यक्रमात गायचे. आमच्या डॉक्टर मंडळींनी त्यांना एकदा दिवाळीला बोलावलं होतं आणि जेवणं झाल्यावर, खुर्च्या आवरायच्या वेळेला माइक दिला होता. निवेदन माझंच होतं. ते भेटले की त्यांच्या पद्धतीनं अभिवादन करायचे आणि मी दर वेळी न चुकता उलट 'नमस्कार' म्हणायची. त्यांच्या गावातून दुसरं कोणी नाव दिलं नाही म्हणून तेच गायक आणि तेच परीक्षक. त्यांच्या गाण्याची फाइल मी उघडलीच नाही. गरज काय होती? दहा लिहिले आणि पाठवून दिले.

रविवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर निकाल होता, थेट टीव्हीवरच्यासारखा. एकेका गावानं आपापले मार्क वाचायचे. मुलगी माझ्या शेजारी बसली होती. सुरुवात इल्फर्डची. तिथली परीक्षक पेशानं डॉक्टर, माझी मैत्रीण, सिल्कची साडी नेसून बसलेली. "नमस्कार, धिस इज इल्फर्ड! आमचे दहा मार्क जातात… कॉव्हेंट्रीला!" आम्हाला एक. म्हणजे हिनंही तेच केलं. ठीक आहे, मी मनात म्हटलं, दोघींचे मिळून वीस, अजून काही बिघडलेलं नाही. दुसऱ्या गावानं वाचलं, दहा कॉव्हेंट्रीला. तिसऱ्या गावाच्या माणसानं चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि आवाज खाली घेऊन वाचलं, दहा कॉव्हेंट्रीला. इल्फर्डला त्या दोन गावांकडून आणि माझ्याकडून एकेकच मिळणार हे तोवर माझ्या लक्षात आलं होतं. इल्फर्डच्या चेहऱ्याचं जे काही झालं ते पाहून मला त्याही अवस्थेत बरं वाटलं.

मग माझी पाळी. स्क्रीनवरच्या चार चौकोनांत चार शहाणी माणसं एकमेकांकडे बघत होती आणि पाचव्या चौकोनात टाय लावलेले कॉव्हेंट्रीचे काका. त्यांनी माइक बंद ठेवला होता, पण रुमालानं डोळे पुसत होते ते सगळ्यांना दिसत होतं. "मिल्टन कीन्सचे दहा," मी वाचलं, "कॉव्हेंट्रीला." चाळीसपैकी चाळीस. असं एकमत आमच्या मंडळांत यापूर्वी फक्त जेवणाच्या वेळेबद्दल झालं होतं.

शेवटी काका. त्यांनी मार्कांबरोबर प्रत्येक गाण्यावर अर्धं अर्धं पान लिहून आणलं होतं, ते वाचत बसले. आम्ही चौघे चुळबुळ करत राहिलो. त्यांनी दहा माझ्या मुलीला दिले. "दुसऱ्या ओळीनंतर मुलगी श्वास घ्यायला थांबते," ते म्हणाले. "लपवून घेत नाही. तेवढी जागा मी पाच वेळा ऐकली." मुलगी लाल झाली. बावीस मार्क, दुसरी. कॉल संपल्यावर तिनं विचारलं, "आई, त्यांचा गाणं तुला एवढा आवडली? मला ऐकव ना." मी म्हटलं, नंतर.

दहा मिनिटांत इल्फर्डचा फोन. "अगं, तू पण?"

"आणि तू?"

लाज दोघींनाही वाटली नाही. राग आला, तो एकमेकींचा. मग तिनं आवाज बदलला. "माणूस चांगला आहे गं, नो डाउट. पण डेन्मार्कच्या स्टेजवर यूकेची एंट्री म्हणून… ती जयंतीची स्टाइल, यू नो."

"आय नो," मी म्हणाले.

मला खरंच कळलं होतं. तिनं जे म्हटलं नाही ते मी ऐकलं आणि जे ऐकायला हवं होतं ते तिनंही ऐकलेलं नव्हतं. "तू ऐकलंस का त्यांचं?" मी विचारलं. "थोडंसं," ती म्हणाली. मी डॉक्टर नसले तरी 'थोडंसं' म्हणजे काय ते मला समजतं.

भोक पुन्हा मीच शोधलं. फाइल न उघडताही तिची लांबी दिसते. तीन मिनिटं चौदा सेकंद. सुरुवातीच्या निवेदनाला सगळ्यांना सात-आठ सेकंद लागले होते. म्हणजे गाणं सहा सेकंद जास्त. नियमाबाहेर. ते बाद झाले की दुसरा नंबर जातो, आणि दुसरी माझी मुलगी होती. इल्फर्डला हे फारसं रुचलं नाही, पण कॉव्हेंट्रीपेक्षा मिल्टन कीन्स तिला परवडलं. "तूच जाऊन सांग," ती म्हणाली. "पर्सनली सांगितलेलं बरं दिसतं."

पुढच्या शनिवारी गाडी काढून कॉव्हेंट्रीला गेले. काकांनी दारातच त्यांच्या पद्धतीनं अभिवादन केलं, मी नमस्कार म्हटलं. घरात ते एकटेच. हॉलमध्ये दाराच्या मागे हँगरवर नवा कोट लटकत होता, किमतीची चिठ्ठी अजून बाहीला. चहा, चिवडा, बशीत बिस्किटं गोल मांडलेली. मी घसा साफ केला, तेवढ्यात तेच बोलले.

"मॅडम, एक विचारायचं होतं. तुम्ही चौघांनी दहा दिले. का दिले ते कोणीच सांगितलं नाही. आठवडाभर तेच डोक्यात आहे. तुम्हाला त्यातलं कुठलं कडवं आवडलं?"

"शेवटचं," मी म्हणाले.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. रागावले असते तर सोपं गेलं असतं. "त्याला कडवी नाहीत," ते म्हणाले. "एकच ओळ आहे. तीच सात वेळा येते."

मी बशीतलं बिस्किट उचललं. दुसरं काय उचलणार होते? आणि मग, आज लिहितानाही कान तापतात माझे, मी तोंड बंद ठेवण्याऐवजी ठरवून आणलेलं बोलून टाकलं. तीन मिनिटं चौदा सेकंद, सहा सेकंद जास्त, नियम म्हणजे नियम, मला व्यक्तिशः फार वाईट वाटतंय.

"माझं निवेदन बावीस सेकंदांचं आहे," ते म्हणाले. "तुमच्या नियमात चाल कोणाची ते सांगा असं होतं. ते सांगायला मला वेळ लागला." त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि गाणं लावलं.

आधी त्यांचा बोलण्याचा आवाज. कॉव्हेंट्री. शब्द माझे. चाल माझ्या बायकोची. ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची, तेव्हा गुणगुणायची. चाल कुठली म्हणून मी कधी विचारलं नाही. आता विचारता येत नाही, म्हणून तिचीच धरली. मग गाणं. साथीला काही नाही, बोटांनी टेबलावर धरलेला ठेका. 'घडी मोडू नकोस, अजून ऊब आहे.' सात वेळा. पहिल्यांदा ते बायकोला सांगत होते, तिसऱ्यांदा ती त्यांना सांगत होती आणि सातव्यांदा कोण कोणाला सांगतंय ते मला कळेना. गाणं वाईट असावं अशी मी शेवटपर्यंत वाट बघत होते. ते चांगलं होतं. माझ्या मुलीच्या गाण्यापेक्षा चांगलं होतं, बासरीवाल्यापेक्षा तर होतंच.

"आता द्या मार्क," ते म्हणाले.

दहा म्हणायला मी तोंड उघडलं. पण दहा मी त्यांना आधीच देऊन बसले होते, आणि त्या दहांची किंमत आम्हा दोघांनाही माहीत झाली होती.

त्यांनी फोन खिशात टाकला. "मी नाव मागे घेतो," ते म्हणाले. "मुलीला जाऊ दे. ती चांगली गाते. फक्त कारण खरं लिहा: परीक्षकांनी गाणं ऐकलं नव्हतं." मी हो म्हणाले. खोटं वाटू नये म्हणून दोनदा म्हणाले. निघताना दारात त्यांनी हात जोडले. "नमस्कार," ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

घरी येऊन सगळ्या मंडळांना मेल केला, 'प्रकृतीच्या कारणास्तव.' इल्फर्डनं त्यावर हात जोडलेला इमोजी पाठवला. मुलीनं विचारलं, "काकाला काय झालं?" मी म्हटलं, वय झालंय.

डेन्मार्कचा हॉल छान होता. मुलगी नऊवारीत स्टेजवर गेली, दुसऱ्या ओळीनंतर थांबली, श्वास घेतला, लपवला नाही. एवढ्या दिवसांच्या रियाजात ती जागा मला एकदाही ऐकू आली नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग निकाल, माझ्याच नियमांनी. पहिल्या देशाच्या परीक्षक बाई माइकवर आल्या, दहा मार्क यूकेला. मुलीनं माझा हात दाबला. दुसरा देश, दहा यूकेला. मुलगी खुर्चीवरून उठली, "आई, त्यांनी ऐकलं! सगळ्यांना आवडला!" मी त्या परीक्षकांची तोंडं बघत होते. एकाच्या तरी चेहऱ्यावर काही दिसतंय का ते शोधत होते, आणि काय शोधायचं ते त्या हॉलमध्ये माझ्याइतकं चांगलं कोणालाच माहीत नव्हतं. पण काही दिसेना.

तिसऱ्या देशानंही दहा दिले तेव्हा मला रडू फुटलं. शेजारच्या बाईंनी कौतुकानं हसत माझ्या हातात टिश्यू ठेवला.