कोरे सोडलेले अकरा एक्स-रे

औशाच्या एका छोट्या धर्मादाय दवाखान्यात पुनम एक्स-रे काढायची, आणि काढायची म्हणजे काय, रडून गोंधळ घालणाऱ्या लेकरालासुद्धा गप्प बसवून असा काढायची की बघत राहावं. पण काढलेला एक्स-रे तिनं वाचायचा नाही, हा नियम. वाचणाऱ्या डॉक्टर सौदामिनीबाई नांदेडहून यायच्या, त्याही फक्त गुरुवारी. शुक्रवारी पडलेल्यानं मोडका हात घेऊन सहा दिवस बसायचं. आता बोला.

पुनमला याची चीड होती, आणि उगाच नव्हती. ती पाच वर्षांची असताना भूकंप झाला. आई, केवळाबाई, भिंतीखालून निघाली. तंबूतल्या धांदलीत कुणीतरी एक्स-रेवरून नजर फिरवली आणि 'ठीक आहे' म्हणून घरी धाडलं. खुब्याचं हाड मोडलेलं होतं. आई अजून लंगडते.

ते सहा दिवस सौदामिनीबाईंनाही खुपायचे. त्यांनी ठरवलं, एक्स-रे काढणारीनंच संशय आला की लाल चिठ्ठी लावावी, म्हणजे माणूस त्याच दिवशी लातूरचा मोठा दवाखाना गाठेल. संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब म्हणाले, "आधी पोरीची नजर मोजा." मग परीक्षा ठरली. साठ जुने एक्स-रे, नावं झाकलेली, तीस मोडके आणि तीस धड, सगळे मिसळलेले. मोडके किती, हे तिला सांगायचं नाही. पंचवीस सापडले तर चिठ्ठी, नाहीतर विषय बंद.

पुनमला सापडले सोळा. धडाला मोडकं असं ती एकदाही म्हणाली नाही, पण चौदा सुटले. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

बाई तिचा कागद घेऊन बसल्या. "अगं, सुटलेल्यांतले अकरा तर तू कोरेच सोडलेस. काही दिसलं नाही का?"

"दिसलं की मॅडम. पण लई बारीक होतं, खात्री न्हाई वाटली."

"मग सोडलंस कशाला?"

"चुकलं तर मार्क कटतेत ना."

आता बाईंना उलगडा झाला. पुनमनं मेडिकलसाठी लातूरला दोन वर्षं क्लास केला होता. चार मार्कांनी हुकलं, पण सरांनी डोक्यात भरवलेलं काही गेलं नाही: शंका आली की उत्तरपत्रिकेतला गोळा रंगवायचा नाही, पुढं सरकायचं. लातूरची निम्मी पोरं झोपेतसुद्धा तेच करतील हो.

"इथं कोरं सोडलं की मोडक्या हाडाचा माणूस घरी जातो, पुनम," बाई म्हणाल्या. "आणि धडाला मोडकं म्हणालीस, तर त्याचा एक हेलपाटा वाया. कोणती चूक परवडते ते तूच बघ. हे आधी सांगितलं नाही, ही माझी चूक."

आप्पासाहेबांशी भांडून त्यांनी नवे साठ एक्स-रे आणले. या वेळी प्रत्येकापुढं पाच खाने होते, 'नक्की मोडलंय'पासून 'नक्की धड'पर्यंत, आणि एका खान्यात खूण करायचीच.

दहाव्या एक्स-रेवर पुनमचा पेन अडला. मनगटाच्या हाडावर केसाएवढी रेघ. असेल, नसेलही. हात आपोआप पुढचा एक्स-रे उचलायला निघाला होता. तिनं तो मागं घेतला आणि 'बहुतेक मोडलंय'वर खूण केली.

सत्तावीस सापडले. सहा धड माणसं मात्र तिनं मोडून ठेवली. तेवढं चालेल, असं आप्पासाहेब म्हणाले.

पहिली चिठ्ठी लागली अडतीवरच्या चन्नबसप्पा हमालाच्या मनगटाला. दुसऱ्या दिवशी तो तणतणत परत आला. "माझा दिवस खाल्लास की पोरी. लातूरचे डॉक्टर म्हणतेत, हाड शाबूत हाय."

"शाबूत हाय ना? लई चांगलं झालं, काका," पुनम म्हणाली आणि त्याला बसायला खुर्ची दिली. तिचं उत्तर चुकलं होतं, आणि ती मनापासून हसत होती.