दिव्यांची पेटी आणि नत्थूजींचं मत

आमच्या विणकरांच्या तांडापेठेत कुणी नवा सिनेमा पाहून आला, की लोक त्याला आधी विचारायचे, "नत्थूजी गेले होते का?" ते गेलेले असले तर त्या बिचाऱ्याच्या मताला काही भाव उरायचा नाही.

नत्थूजी हेडाऊ चौथी शिकलेले, खड्डामागावर लुगडी विणणारे. त्यांचा माग रस्त्याच्या खिडकीला लागून होता. पाय खड्ड्यात, बूड जमिनीच्या पातळीला, त्यामुळे रस्त्यावरून त्यांचं फक्त डोकं आणि दोन हात दिसायचे. खिडकीशी उकिडवं बसून लोक प्रश्न टाकायचे, आणि सुताचा धोटा मागावर इकडून तिकडे जाईपर्यंत आतून उत्तर यायचं.

"काका, सर्कस कशी आहे?"

"झुला पाह्य. वाघ नको पाहू. त्याले कंटाळा येऊन राहिला बिचाऱ्याले. त्याचं तोंड पाहून आपल्यालेही येते."

"अन् जादूगार?"

"हात साफ आहे. पण बोलते खूप. हाताचं काम करणाऱ्यानं इतकं बोलू नाही."

हे ते स्वतः धोटा फेकता फेकता, एका दमात दहा वाक्यं बोलून सांगायचे. आतल्या खोलीत त्यांच्या बायकोचा, मैनाबाईंचा चरखा चालू असायचा. त्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायच्या. अशा वेळी तो चरखा क्षणभर थांबायचा, म्हणजे मैनाबाई हसत असायच्या.

मत द्यायला त्यांना काहीही चालायचं. गल्लीत पहिला टीव्ही आला तेव्हा सगळे भारावून गेले होते. नत्थूजी दोन संध्याकाळी जाऊन बसले आणि तिसऱ्या दिवशी खिडकीतून म्हणाले, "चांगला आहे. पण त्याले आपण दिसत नाही. दंडारीच्या नाटकातला सोंगाड्या आपल्याले पाहते, मंग बोलते. आपण जांभई दिली का त्याले समजते. टीव्हीपुढं जांभई देऊन काय फायदा?" आम्ही कॉलेजच्या पोरापोरींनी स्पर्धेत नाटक केलं, ते पाहायलाही आले होते. दुसऱ्या दिवशी मी खिडकीशी गेले. म्हणाले, "बरं होतं. पण तुम्ही लोक रडायच्या आधी रडायची तयारी करता. दिसते ते." आमच्या परीक्षकांना हे चार पानांत सांगता आलं नव्हतं.

पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात जरीपटक्याच्या बाजारात एका दुकानदारानं व्हिडिओ गेमचं यंत्र आणलं. कपाटाएवढी पेटी, वर काच, काचेत विमानं, खाली दांडी आणि बटण. नत्थूजी अर्थातच गेले, आणि सोबत देवरावला घेऊन गेले.

देवराव धकाते म्हणजे नत्थूजींचा लहानपणचा मित्र. दोघांनी एकाच उस्तादाच्या हाताखाली एकाच वर्षी मागावर बसायला सुरुवात केलेली. नत्थूजी बोलणारा, देवराव न बोलणारा. त्या वर्षी देवरावचा माग बंद पडला होता. गिरणीच्या पातळांपुढे त्याच्या लुगड्यांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं. जावयानं त्याच्यासाठी गावाबाहेर बेस्याकडच्या एका गोदामावर चौकीदारीची जागा पाहून ठेवली होती. देवराव होही म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता.

जरीपटक्यात नत्थूजी खेळले, हरले, पुन्हा खेळले. चौथ्या डावाला मागे उभी असलेली कॉलेजची पोरं गप्प झाली, कारण हा धोतरवाला माणूस मानही न हलवता एकेक विमान पाडत होता.

"कसं काय जमलं गा तुले?" बाहेर आल्यावर देवरावनं विचारलं.

"त्यात काय आहे. तीन डाव्या अंगानं येतात, दोन उजव्या, मंग एक मधातून. पुन्हा तीन डाव्या अंगानं. लुगड्याचा काठच आहे तो. काठ समजला का खेळ संपला. यंत्र भारी आहे, खेळ हलका आहे." मग त्यांनी विचारलं, "अन् तू काहून नाही खेळला?"

"मी पेटीच्या मागं पाहून राहिलो होतो," देवराव म्हणाला. "तारा कुठून कुठं जातात ते."

त्यानंतर देवराव महिनाभर कुणाला दिसला नाही. त्याच्या घरातून ठोकाठोकीचा आवाज यायचा. त्याची बायको रुखमाबाई नळावर सांगायची, "टॉर्चचे बल्ब आणून राहिले, घंटी आणून राहिले. विचारलं तं म्हणतात, पोळ्यापर्यंत थांब."

त्यानं खेळ बनवला होता. स्वतःच्या डोक्यानं, स्वतःच्या हातानं. पत्र्याच्या ट्रंकेएवढी लाकडी पेटी, दर्शनी बाजूला एका रांगेत आठ बल्ब, प्रत्येकाखाली दरवाज्याच्या घंटीचं एक बटण. जो दिवा लागेल त्याच्याखालचं बटण तो विझायच्या आत दाबायचं. बरोबर दाबलं तर घंटी वाजते. तीनदा चुकला की डाव संपला. मागे बसून देवराव एक दांडा फिरवायचा. हळू फिरवला की खेळ सोपा, जोरात फिरवला की अवघड. तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडाचे नंदी घेऊन निघतात, त्या दिवशीच्या जत्रेत पेटी मांडायची, लोक आले तर पुढच्या जत्रा धरायच्या, आणि नाही आले तर गोदामावर जायचं, असं त्यानं रुखमाबाईला सांगून टाकलं होतं.

पोळ्याच्या आठ दिवस आधी त्यानं पेटी ओसरीत आणून ठेवली आणि नत्थूजींना बोलावलं. गल्लीतले वीसेक लोक जमले. पेटीला पिवळा रंग दिला होता. देवरावनं त्या दिवशी दाढी केली होती.

नत्थूजी मांडी घालून बसले. दांडा फिरला. पहिला दिवा चुकला, दुसराही चुकला. लोक हसले. मग नत्थूजींचे खांदे सैल झाले, बोटं चालायला लागली आणि घंटी वाजतच राहिली. देवरावनं दांडा जोरात फिरवला, आणखी जोरात फिरवला. घंटी थांबेना. शेवटी देवरावचाच हात भरून आला.

"सांगा नत्थूजी," कुणीतरी म्हणालं.

"काम सफाईचं आहे," नत्थूजी म्हणाले. "एका माणसानं घरी बसून केलं, त्याले मानलं पाहिजे. पण एकदाचा खेळ आहे. एकदा खेळला, झालं. दुसऱ्यांदा कोणी हात लावणार नाही."

त्यांना वाटलं, नेहमीसारखं मत दिलं. पण लोक उठले. मागे दोघेतिघे खेळायला थांबले होते, तेही उठले. देवरावनं पेटीवर पोतं टाकलं. रुखमाबाई चहाच्या कपबश्या घेऊन बाहेर आली तर ओसरी रिकामी.

दुसऱ्या दिवशी खिडकीशी गर्दी होती, तरी नत्थूजी बोलत नव्हते. मैनाबाई आतून म्हणाल्या, "आज तोंडाले काय झालं?"

"काही नाही."

"रुखमाबाई नळावर आली होती. बोलली नाही माह्याशी."

नत्थूजींनी धोटा फेकला, पाय दाबला, पुन्हा फेकला. काठावर रुईफुलाची नेहमीची नक्षी उठत होती. एकाएकी त्यांचे हात थांबले. त्यांनी लुगड्यावर बोटं ठेवली आणि पेटीची बटणं दाबावीत तशी ती हलवून पाहिली. एक, तीन, चार, सहा, चार, तीन, एक. मग ते खड्ड्यातून वर आले आणि तसेच अनवाणी देवरावकडे गेले.

देवराव ओसरीत बिडी ओढत बसला होता.

"पेटी उघड," नत्थूजी म्हणाले.

"काहून? दुसऱ्यांदा कोणी हात लावत नाही म्हणे तिले."

"उघड न गा."

देवरावनं मागची फळी काढली. आत त्याच्या बंद पडलेल्या मागाची डॉबी होती. काठाची नक्षी उठवायला मागाच्या वर बसवतात ते हे यंत्र. लाकडी पट्ट्यांची माळ असते, पट्ट्यांना भोकं असतात, ज्या भोकात खुंटी ठोकली तो धागा उचलला जातो. देवरावनं धाग्यांच्या जागी तारा जोडल्या होत्या. खुंटी पितळी पट्टीला टेकली की दिवा लागायचा.

"खुंट्या कशा ठोकल्या तू?"

"कशाही. मनाले येईन तशा. आधीच्या साऱ्या काढल्या अन् नव्यानं ठोकल्या."

"मनाले येईन तशा नाही ठोकल्या. रुईफूल ठोकलं तू."

देवरावनं पट्ट्यांकडे पाहिलं. एकेका खुंटीवरून बोट फिरवलं. मग त्यानं बिडी विझवली. "मायला," तो हळूच म्हणाला.

"तांडापेठेतलं लेकरू लेकरू हा काठ झोपेत वाजवीन. कोण हरणार? अन् कोणी हरतच नाही तं खेळ कायचा? काल मले समजलं नाही. मले वाटलं खेळ हलका आहे."

"साऱ्या लोकांसमोर बोलला तू."

"बोललो."

"लाज वाटली मले. तुह्या मतावर जातात लोक, तुले मालूम आहे न?"

"मालूम आहे," नत्थूजी म्हणाले. "सरक तिकडं. खुंट्या काढ."

दोघांनी सगळ्या खुंट्या उपटल्या आणि नव्यानं ठोकायला बसले. अर्ध्या पट्ट्या नत्थूजींनी, अर्ध्या देवरावनं. ठरवलं असं की काठाचा विचारसुद्धा करायचा नाही. तासाभरानं माळ चढवली, दांडा फिरवला. दिवे लागत गेले आणि दोघांच्याही माना त्या तालावर हलायला लागल्या.

"हा तं आपल्या उस्तादचा काठ झाला," देवराव म्हणाला.

"तुह्याच पट्ट्या आहेत त्या."

"माह्या कायच्या, तुह्या आहेत. मी तुह्या पट्टीले जोड देत गेलो फक्त."

"जोड काहून दिली मंग?"

"हात राहत नाही न गा. एक खुंटी इकडं ठोकली का तिकडची मोकळी भोकं डोळ्यात खुपतात."

पुन्हा काढल्या. यावेळी डोळे मिटून ठोकायचं ठरलं. हातोडी देवरावच्या अंगठ्यावर बसली, तरी निघाला तो काठच, फक्त उलटा. चाळीस वर्षांत हातांना जे कळलं होतं ते हात विसरायला तयार नव्हते.

रुखमाबाई दारात उभी राहून हे सगळं पाहत होती. म्हणाली, "ज्याले काठ येत नाही त्याले बसवा न."

"इथं कोणाले काठ येत नाही?" देवरावनं विचारलं.

"आम्हाले. तुम्ही मागावर बसू देता का बायकांले कधी? जिंदगीभर कांड्याच भरल्या."

ती स्वतःच जाऊन मैनाबाईंना घेऊन आली. मैनाबाईंनी हात पदराला पुसले आणि पेटीकडे पाहिलं. नवऱ्यानं पाहिलेला प्रत्येक सिनेमा, प्रत्येक सर्कस, प्रत्येक दंडार त्यांना तोंडपाठ होती, सगळी त्याच्याच तोंडून ऐकलेली. प्रत्यक्ष त्यांनी यातलं जवळजवळ काहीच पाहिलेलं नव्हतं.

"काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"एका पट्टीत एक खुंटी. कोणत्याही भोकात."

"कोणत्याही म्हणजे कोणत्या?"

"तुले वाटीन त्या वं."

मैनाबाईंनी सुरुवात केली. भाजीत मीठ टाकावं तशा त्या खुंट्या टाकत गेल्या, आणि टाकता टाकता रुखमाबाईशी बोलत होत्या. सकाळचं नळावरचं न बोलणं त्यातच कुठेतरी मिटून गेलं. नत्थूजी शेजारी बसून तळमळत होते.

"अवं, दोनदा एकाच भोकात गेली."

"जाऊ द्या."

"तिसऱ्यांदा पण तिथंच घालून राहिली तू."

"तुम्ही सिनेमा पाहता तेव्हा मी येते का मधात बोलाले?"

देवराव हसला. आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच.

तान्ह्या पोळ्याला पेटी जत्रेत लागली. तीन वाजेपर्यंत कुणी आलं नाही. नत्थूजींचं मत गल्लीत फिरलेलंच होतं. देवराव दांड्याला हात लावून बसला होता आणि समोरून नंदी ओढत जाणाऱ्या लेकरांकडे पाहत होता. त्याचा जावई बाजूला उभा राहून दोनदा म्हणाला, "मामाजी, पहिल्या तारखेले या म्हणून राहिले ते गोदामवाले."

मग नत्थूजी आले. सोबत मैनाबाई, धुतलेलं लुगडं नेसून. नत्थूजी पेटीपुढे मांडी घालून बसले, तशी आजूबाजूची माणसं थबकली.

"एकदाचा होता न?" मागून कुणीतरी टोमणा मारला.

"चूक झाली होती माही," नत्थूजी मोठ्यानं म्हणाले. "मी काठ पाहिला, खेळ नाही पाहिला. चालू कर, देवराव."

दिवा लागला, नत्थूजींनी दाबला, घंटी वाजली. दुसरा लागला, वाजली. पाचवा दिवा दोनदा लागला तोवर ठीक होतं. तिसऱ्यांदा तोच लागला तेव्हा नत्थूजींची बोटं केव्हाच सहाव्यावर जाऊन बसली होती. दोन मिनिटांत डाव संपला. लोक हसले, नत्थूजी पुन्हा बसले, पुन्हा हरले. त्यांच्यानंतर दोन विणकर बसले, तेही हरले. मग काठाशी कधी संबंध न आलेला पायडल रिक्षावाला एक भैया बसला आणि बराच वेळ टिकला, तेव्हा विणकरांना ते सहन होईना आणि पेटीसमोर रांगच लागली.

मैनाबाईही खेळल्या. त्याही हरल्या. "मीच ठोकलं अन् मलेच याद नाही," म्हणून त्या इतक्या हसल्या, की रांगेतली एक म्हातारी नत्थूजींना विचारायला लागली, या बाईले झालं तरी काय.

दिवे लागायची वेळ झाली. जावई अजून उभा होता. देवरावनं दांडा न थांबवता त्याला सांगितलं, "त्या गोदामवाल्यायले सांगा, दिवाळीपर्यंत जमत नाही म्हणा." थोड्या वेळानं जावईही रांगेत दिसला.

नत्थूजींची पाचवी पाळी आली.

"आता तरी सांग," देवराव म्हणाला. "कसा आहे?"

"घंटी कर्कश आहे," नत्थूजी म्हणाले. "कान किटतात. पिवळा रंग चांगला नाही, दिवा त्यात बुडते. अन् हे तिसरं बटण अडकून राहिलं, उद्या तेल टाक."

"मंग जा न घरी."

"जातो. हा डाव होऊ दे."

आणि त्यांनी बोटं बटणांवर ठेवली.